तापीकाठची सपाट वाट : तांडे, बैलगाड्या आणि सायकल

नदीच्या काठाने सायकलवरून दूरचा प्रवास करण्याची हौस युरोपात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात फार वाढली. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जाणारा तीनशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग तर आज जगप्रसिद्ध आहे. हे मार्ग सायकलस्वारांसाठी मुळात कोणी बांधलेले नव्हते. वाफेची इंजिने येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणारी मालाची नाव दोराने बांधून काठावरून ओढावी लागे. हे काम कुठे घोडे करीत, कुठे बैल, तर कुठे माणसे. त्यांच्या पायांसाठी पाण्याला लागून जी अखंड, सपाट वाट राखली जाई, तिला इंग्रजीत टो-पाथ म्हणतात. आपण सोयीसाठी तिला ओढवाट म्हणू. फ्रान्समधील १६८१ साली खुल्या झालेल्या मिदी कालव्याला आणि अठराव्या शतकात इंग्लंडात खोदलेल्या शेकडो मैलांच्या कालव्यांना अशाच ओढवाटा होत्या. पुढे आगबोटी आणि आगगाड्या आल्या, घोडे गेले आणि वाट तेवढी मागे राहिली. चढ-उतार नसलेली आणि मोठ्या वाहनांचा उपद्रव नसलेली ही आयती वाट सायकलस्वारांच्या हाती आली.

बऱ्हाणपूरसारख्या नदीकाठच्या प्राचीन व्यापारी शहरात राहणाऱ्याला यावरून साहजिकच एक प्रश्न पडतो. तापीसारखी नदी दाराशी, खानदेशासारखे सपाट खोरे पुढ्यात आणि सुरतेसारखे बंदर नदीच्या मुखाशी असताना आपल्याकडे अशी ओढवाट का झाली नाही? आणि ती नव्हती, तर तिचे काम कोणी केले? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. बऱ्हाणपूर हे शहर कशामुळे मोठे झाले आणि आपली मराठी घराणी येथे कोणत्या वाटेने आली, या दोन्ही गोष्टी त्या उत्तरात गुंतलेल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नदीच्या स्वभावात आहे. बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणारी तापी सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहते. पावसाळ्यात ती दुथडी भरते, तर उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढणारी क्षीण धार उरते. समुद्राच्या भरतीचे पाणी सुरतेच्या वर काही कोसच चढते आणि त्यापलीकडे मालाची नाव चालावी अशी खोली बारमाही मिळत नाही. सुरतेच्या तोंडाशीसुद्धा गाळामुळे मोठी जहाजे येऊ शकत नसत. म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे सुवाळीला नांगर टाकीत. जिथे नावच चालत नाही, तिथे ती ओढायची वाट कशाला असेल?

काठाची अडचण याहून मोठी आहे. खानदेशात तापीचे काठ उंच असून शतकानुशतकांच्या पावसाने त्यांना घळींनी फाडून टाकले आहे. सपाट, काळ्याभोर शेतातून माणूस नदीकडे निघाला, की अखेरच्या कोसभरात जमीन अचानक उसवते आणि एका घळीतून दुसऱ्या घळीत उतरावे लागते. सातपुड्यावरून येणारे सुकी, मोर, अनेर यांसारखे प्रवाह नदीला मिळण्यापूर्वी अशाच खोल घळी करतात. त्यामुळे तापीच्या अगदी कडेने अखंड वाट नांदू शकत नाही. वाटसरूंनी यावर जो तोडगा काढला, तो आजही डोळ्यांनी पाहता येतो. वाट नदीपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकली. तिथे नाले अजून उथळ असतात, त्यामुळे गाडी सहज पार होते आणि डोंगराच्या पाझराचे पाणी विहिरींना भरपूर असते. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही गावे अशी एका ओळीत का बसली, याचे एक कारण हे आहे. या वाटेवरून तापी क्वचितच दिसते. पण पायांखालची सपाटी तिच्याच गाळाची असते. अर्थाने ही नदीकाठचीच वाट आहे, फक्त तिचा काठ थोडा रुंद आहे.

पाण्याचाही धडा याच उतारात आहे. इ. स. १६१५च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत बऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याची रचना झाली. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून, ओळीने खोदलेल्या शंभरावर कुंड्यांतून ते शहराकडे आणले गेले. डोंगर ते नदी हा जो मंद उतार आहे, त्याच्यावरच ही सारी करामत उभी आहे. पाण्याला जो उतार मानवला, तोच बैलालाही मानवला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर युरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांत सापडते. सुरत ते आग्रा या राजमार्गाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे सुरत ते बऱ्हाणपूर. १६१० मध्ये विल्यम फिंच या वाटेने आला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरास पोहोचला. शाहजादा परवेझ, खानखानान आणि आणखी काही थोड्यांचे वाडे सोडले, तर हे शहर मातीच्या घरांचे आहे, अशी नोंद त्याने केली. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने तर मुक्कामांची यादीच दिली आहे. बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, मग नदी ओलांडून थाळनेर, पुढे चोपडा, रावेर आणि बऱ्हाणपूर, असा हा क्रम आहे. स्थूलमानाने पश्चिमेकडील अर्धी वाट नदीच्या दक्षिणेस आणि पूर्वेकडील अर्धी उत्तरेस, आणि थाळनेर हा मधला उतार. फारुकी घराण्याचे पहिले ठाणे थाळनेरला का होते, हे त्यामुळे उमगते. ज्याच्या हाती नदीचा उतार, त्याच्या हाती खोरे. पुढे शके १३२१च्या, म्हणजे इ. स. १३९९च्या सुमारास नासिरखान फारुकीने खोऱ्याच्या पूर्व टोकाला, जिथून असीरगडाखालची खिंड उत्तरेकडे उघडते तिथे, बऱ्हाणपूर वसवले. त्याच्या समोरच्या तीरावर जैनाबाद उभे राहिले.

मालाच्या वाहतुकीचे काम करीत ते वंजाऱ्यांचे तांडे. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा धान्य, तांदूळ आणि मीठ घेऊन चाललेला ताव्हर्नियेने पाहिला. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला, तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, असे तो सांगतो. बऱ्हाणपूरचे पातळ, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जाई. त्या कापडाचा पहिला प्रवास बैलाच्या पाठीवरून वा गाडीतून याच वाटेने सुरतेपर्यंत होई. डॅन्यूबवर जे काम नाव आणि तिला ओढणारा घोडा यांनी केले, ते येथे बैलाने एकट्याने केले. आपली ओढवाट हीच.

या वाटेचे दुसरे रूपही विसरता येत नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळाने होरपळले. १६३०च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरकडे येणाऱ्या पीटर मंडी या इंग्रजाला रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते ओलांडून यावे लागले. त्या वेळी शाहजहान बादशहाचा मुक्काम बऱ्हाणपुरात होता. शहरात लंगर उघडले गेले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात, असे दरबारी तवारीख सांगते. याच मुक्कामात १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल वारली आणि जैनाबादच्या आहूखान्यात तिचे दफन झाले. काही महिन्यांनी तिचे शव आग्र्यास नेण्यात आले. ताजमहालाची गोष्ट सांगताना आपण आहूखान्याचा उल्लेख अभिमानाने करतो. त्याच वर्षी त्याच नदीच्या खोऱ्यात वाटेवर मेलेल्या अनाम माणसांचा उल्लेख मात्र सहसा होत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात ही वाट प्रथम ठळकपणे दिसते ती १६८१ सालच्या प्रारंभी. संभाजीमहाराजांच्या राज्यारोहणानंतर अल्पावधीतच हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बऱ्हाणपूरचे बहादुरपुरा हे संपन्न उपनगर लुटले. त्याआधी, पुरंदरच्या तहाने आपल्याला ठाऊक असलेला मिर्झाराजा जयसिंह १६६७ मध्ये बऱ्हाणपुरातच मरण पावला होता. मोहना आणि तापी यांच्या संगमाजवळ त्याची छत्री अजून उभी आहे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून मराठ्यांकडे आले. त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंची फौज पानिपताकडे निघाली, तीही बऱ्हाणपुरावरून हंडियाला नर्मदा उतरली. पुढे शहर शिंद्यांकडे गेले. आसईच्या लढाईनंतर १६ ऑक्टोबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने ते घेतले. सुर्जी-अंजनगावच्या तहाने ते शिंद्यांना परत मिळाले. असीरगड १८१९ मध्ये कायमचा इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये बऱ्हाणपूर परगणाही त्यांच्या ताब्यात आला.

या शंभर वर्षांत येथे मराठी माणसे आली. कोणी फडणिशीला आला, कोणी शिलेदार म्हणून, कोणी सावकारीला, कोणी पौरोहित्याला. आणि या साऱ्यांच्या मागोमाग सोनार, शिंपी, कासार आले. घाटावरून येणारे अजिंठ्याच्या रांगेतून उतरून खानदेशात येत, तापी ओलांडत आणि या खोऱ्याच्या वाटेला लागत. आपल्या घराण्यांतून मूळ गावाची आठवण शिल्लक असते, कुलदैवताची असते, पण आपण कोणत्या वाटेने आलो, हे कुळकथेत फारसे सांगितले जात नाही. ती वाट सापडावी, अशी इच्छा असणाऱ्याला ती आजही रावेरच्या रस्त्यावर सापडेल.

वाटेचे भाग्य फिरले ते आगगाडीने. मुंबईहून भुसावळ, खांडवा, जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग १८७० मध्ये जोडला गेला आणि बऱ्हाणपूरचे स्थानक शहरापासून दूर लालबागेत झाले. १९०० साली तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ बाजूचा लोहमार्ग पूर्ण झाला, आणि तांड्यांचे उरलेसुरले कामही संपले. युरोपात ओढवाटेचे जे झाले, तेच येथे झाले. व्यापार निघून गेला आणि वाट गावकऱ्यांना परत मिळाली. पुढची अनेक वर्षे ती बाजाराच्या बैलगाड्यांची, दिंड्यांची आणि हळूहळू सायकलींची झाली.

सायकल आपल्या प्रांतात आली तेव्हा ती साहेबाची आणि वकिलाची होती. स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांमुळे ती शाळामास्तर, तारवाला, दूधवाला आणि विणकर यांच्या आवाक्यात आली. सुताची पुडकी कॅरिअरवर बांधून मोहल्ल्यामोहल्ल्यातून जाणारा विणकर आणि हँडलला दुधाच्या कॅनी अडकवून पहाटे शहरात शिरणारा गवळी, ही दृश्ये आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेत. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गावोगावी होती. खोऱ्याच्या सपाटीला हे वाहन इतके साजेसे होते, की बैलाच्या जागी ते जणू आपोआप आले. रो याला सुरतेहून येथे यायला पंधरा दिवस लागले. आजच्या रस्त्याचे अंतर पाहता ही गती दिवसाला सरासरी पंचवीस किलोमीटरांच्या आसपास पडते. सवयीचा सायकलस्वार तेच अंतर पाच दिवसांत सहज तोडतो. गती तिप्पट झाली, पण मुक्कामांचा क्रम तोच राहतो. मोटारीत बसल्यावर मात्र तो क्रमच नाहीसा होतो.

सायकलवरून दूर जाण्याची परंपराही आपल्याकडे नवी नाही. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. १९८५ च्या अखेरीस बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ अभियानात शंभरावर तरुण-तरुणींना कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर नेले आणि १९८८ मध्ये इटानगरहून ओख्यापर्यंत दुसरी यात्रा काढली. त्यानंतर १९९० मध्ये ते नर्मदाकाठी, निमाडातच, छोट्या कसरावदला राहायला आले. सायकल आणि नदीकाठ यांचे नाते मराठी माणसाने केवळ हौसेपोटी जोडलेले नाही, हे यावरून लक्षात यावे.

आज ज्याला ही वाट सायकलने पाहावयाची असेल, त्याने दसऱ्यानंतर निघावे आणि होळीपूर्वी परतावे. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चैत्र-वैशाखात खानदेशाचे ऊन सोसवत नाही. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर हा महामार्ग जुन्या वाटेचाच वारस आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा आणि शिरपूर त्याच्यावर येतात. परंतु त्यावर केळीच्या मालमोटारी अहोरात्र धावत असल्याने शक्य तेथे गावरस्ते धरावेत. हे रस्ते दुतर्फा केळीच्या बागांतून जातात आणि दुपारीही तिथे गारवा असतो. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चरचे सामान बरोबर असलेले बरे.

खऱ्या ओढवाटेच्या सर्वांत जवळ जाणारी वाट मात्र आधुनिक आहे. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या हतनूर धरणाच्या कालव्यालगत, यावल-चोपड्याच्या बाजूला, देखरेखीसाठी ठेवलेला कच्चा रस्ता जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेते आणि उतार इतका अल्प, की तो फक्त पाण्यालाच कळतो. शेतकरी, मजूर आणि शाळेची मुले त्याच्यावरून रोज सायकलने जातात. युरोपात ज्या वाटेसाठी लोक दुरून येतात, तशी वाट येथे ‘पाटाची वाट’ एवढ्याच नावाने नांदते आहे.

पाहण्यासारखी स्थळेही याच क्रमाने येतात. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे. इच्छापूरच्या टेकडीवर इच्छादेवी आहे. दक्षिणेकडे वळल्यास तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आणि जवळच मुक्ताबाईंचे स्थान आहे. माघातील तेथल्या यात्रेला मध्य प्रदेशाच्या बाजूनेही दिंड्या येतात. फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. थाळनेरला फारुकींच्या कबरी आणि नदीने खाल्लेला किल्ला आहे. १८१८च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉपने तो किल्ला घेऊन तेथील किल्लेदाराला फाशी दिले. पुढे प्रकाशे येथे दक्षिणकाशी म्हणून मानलेला संगम आहे.

या प्रवासात बऱ्हाणपूरकराला एक गोष्ट विशेष जाणवते. इच्छापूर सोडल्यावर थोड्याच वेळात राज्याची सीमा लागते. केळी तीच, माती तीच आणि ओसरीवर बसलेल्या म्हातारीची बोलीही तीच, फक्त पाट्या बदलतात. फारुकींच्या आणि मोगलांच्या काळात बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती. इंग्रजी अमदानीत खोऱ्याचा हा तुकडा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात आणि पश्चिमेकडचा भाग मुंबई इलाख्यात राहिला. १९५६च्या पुनर्रचनेत आणि १९६०च्या महाराष्ट्र-स्थापनेत तीच रेषा कायम झाली. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी तो आपल्या जुन्या प्रांताच्या कडेला पडलेला आहे. महाराष्ट्रात आपल्याला मध्य प्रदेशी समजतात आणि भोपाळ-इंदुरास मराठी. या अवघडलेपणाला राजकीय उत्तर आता कोणी मागत नाही आणि मागूही नये. पण आपण कुणाच्या अंगणात उपरे नाही, एका अखंड खोऱ्याचे पूर्वेकडचे रहिवासी आहोत, एवढी समज पुढच्या पिढीत यावी, असे वाटते. ती इतिहासाच्या पुस्तकाइतकीच दोन पायांच्या श्रमानेही येते.

या वाटेच्या खुणा मात्र वेगाने पुसल्या जात आहेत. रस्ते रुंद होतात, हे योग्यच आहे. पण रुंदीकरणात जुनी झाडे जातात, वाटेवरच्या बारवा बुजतात, नाल्यांवरचे दगडी पूल मोडतात आणि ते कशासाठी होते, हे सांगणारा कोणी उरत नाही. घळींच्या जमिनी सपाट करून बागा कडेपर्यंत गेल्यामुळे घाटांकडे उतरणाऱ्या पायवाटाही बंद पडतात. युरोपातील ओढवाटा टिकल्या, कारण त्यांचा उपयोग संपल्यावरही लोक त्यांच्यावरून चालत राहिले. चालती वाट बुजवायला कोणी सहसा धजत नाही.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना एक साधी सूचना करावीशी वाटते. दरवर्षी माघात, चांगदेवाच्या यात्रेच्या सुमारास, ज्यांना झेपेल त्यांनी बऱ्हाणपुराहून संगमापर्यंत सायकलने जावे आणि वयस्कांनी बसने येऊन तेथे मिळावे. वाटेतील प्रत्येक बारव, पूल, धर्मशाळा आणि समाधी यांची नोंद एका वहीत करावी आणि ज्या घराण्यांत त्यांच्याविषयी काही सांगितले जाते, त्यांनी ते त्याच वहीत लिहून द्यावे. पाच-सात वर्षांत ताव्हर्नियेच्या यादीपेक्षा पुष्कळ भरघोस अशी आपली स्वतःची यादी तयार होईल. परक्या प्रवाशांनी या वाटेविषयी लिहिले, ते येथून पुढे जाताना. येथे राहून गेलेल्यांचे लिहिणे अजून व्हावयाचे आहे.